पुरस्कार, प्रकाशक आणि वाचक : कळमनुरीच्या एका कथाकाराला उत्तर

कळमनुरी तालुक्यातल्या एका तरुण कथाकारानं विचारलंय. दिवसा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, रात्री लेखन. अकरा कथा तयार आहेत, त्यातल्या दोन कथा अंकांमधून छापून आल्यात. एका प्रकाशकानं ४५,००० रुपये मागितलेत. बदल्यात ३०० प्रती घरपोच आणि पुरस्कारांना पुस्तक पाठवायची हमी. पैसे भरावेत का, पुरस्कार मिळाला तर पुस्तक चालतं का, आणि पुढं कोणी वाचणारच नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी, असं त्यांचं विचारणं आहे.

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उत्तर वाचून होईस्तोवर तुम्ही कुठून तरी उसनवारी करून बसाल.

आता सविस्तर. मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकं विकत घेणं, दाखल नोंदवहीत चढवणं, देणं, परत आली नाहीत तर लोकांच्या दारात जाऊन उभं राहणं, हे सगळं केलं. पुढं पुस्तकांच्या पुरस्कारांसाठी परीक्षक म्हणून बोलावणी येऊ लागली, ती अजून येतात. त्यामुळं छापखान्यातून निघाल्यावर पुस्तकाचं काय होतं ते दोन्ही अंगांनी पाहायला मिळालं.

पुरस्कारांपासून सुरुवात करू, तुमचा जीव तिथंच अडकलेला दिसतोय.

साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार एक लाखाचा. युवा पुरस्कार आणि बालसाहित्य पुरस्कार प्रत्येकी ५०,००० चे. मुख्य पुरस्काराचं गणित पुष्कळांना ठाऊक नसतं. ज्या वर्षाचा पुरस्कार, त्याच्या लगतचं आदलं वर्ष सोडून मागची पाच वर्षं धरतात. म्हणजे २०२४ च्या पुरस्काराला २०१८ ते २०२२ या काळात पहिल्यांदा छापलेली पुस्तकं. शेवटचा निर्णय तिघांच्या समितीचा. आपल्या मराठवाड्यातली अलीकडची नावं घ्यायची तर परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ चा, छत्रपती संभाजीनगरच्या सुधीर रसाळ यांना समीक्षेसाठी २०२४ चा, आणि नांदेडच्या सुरेश सावंत यांना २०२५ चा बालसाहित्याचा. 'आलोक' हा कथासंग्रह आहे. 'कथा कोण घेतं हो आता, कादंबरी लिहा' असं तुम्हाला कोणी ना कोणी म्हणालंच असेल, त्याला हे नाव सांगा.

तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जवळचं उदाहरण तुळजापूरचं. देविदास सौदागर शिवणकाम करणारे. पोटासाठी सुरक्षारक्षकाची नोकरीही केली. रेडिमेड कपडे आल्यावर शिंप्याच्या घराचं काय झालं, ते सांगणाऱ्या 'उसवण' या त्यांच्या कादंबरीला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे रा. रं. बोराडे यांनी अर्धशतकापूर्वी 'पाचोळा' लिहिली तीही खेड्यातल्या शिंप्याच्या संसारावर. मराठवाड्यात शिलाई मशीन साहित्याला लाभतं की काय कोण जाणे. युवा पुरस्कारासाठी त्या वर्षाच्या १ जानेवारीला वय पस्तिशीच्या पुढं गेलेलं चालत नाही. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, हिशोब तुमचा तुम्ही करा.

राज्य शासनाचा यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार तुमच्या जास्त कामाचा, कारण त्यात पहिल्या पुस्तकांना वेगळी जागा आहे. पहिल्या कवितासंग्रहाला बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार, पहिल्या कादंबरीला श्री. ना. पेंडसे यांच्या, आणि पहिल्या कथासंग्रहाला ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा. पुस्तक एका कॅलेंडर वर्षातलं आणि पहिल्या आवृत्तीचं लागतं. जाहिरात वर्ष संपता संपता येते आणि मुदत लगेच पुढच्या महिन्या-दीड महिन्यात संपते. म्हणून पुस्तकाच्या आतल्या पानावर प्रकाशनाची तारीख घालताना डोकं ठिकाणावर ठेवा. डिसेंबरच्या शेवटी छापून त्याच वर्षाची तारीख टाकली तर बांधणी होऊन प्रती हातात येईपर्यंत मुदत निघून जाते. जानेवारीची तारीख घातली की अख्खं वर्ष मिळतं. चांगली चांगली पुस्तकं एवढ्यावरून बाहेर राहिलेली मी पाहिलीत.

पोस्टाचंही सांगतो. बुक पोस्टची जुनी स्वस्त सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली आणि आमच्यासारख्यांचे हाल झाले. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालंय : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. खिडकीवरच्या माणसाला माहीत नसेल तर नाव घेऊन मागा. 'पुरस्कारांना पाठवायची हमी' म्हणून तुमचा प्रकाशक जे विकतोय ते काम एवढंच आहे.

शासनाच्या पुरस्कारात शासन असतंच, हेही ध्यानात असू द्या. डिसेंबर २०२२ मध्ये एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार सरकारनं निर्णय काढून रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. त्यावरून काही जणांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी राजीनामे दिले. माझ्या मते समितीनं एकदा दिलेलं मागं घेणं हा परीक्षकांचा नाही, वाचकांचा अपमान असतो. पण तो विषय वेगळा.

मराठवाडा साहित्य परिषदेचे दरवर्षीचे पुरस्कार आहेत, नरहर कुरुंदकर, बी. रघुनाथ अशा नावांचे. ही संस्था १९४३ ची, साहित्य महामंडळाची घटक संस्था. तिथं निदान यादी तपासता येते. त्याच्या खाली मात्र रान माजलंय. कुणाच्या वडिलांच्या, कुणाच्या सासऱ्यांच्या नावानं राज्यस्तरीय पुरस्कार. प्रवेशशुल्क ५०० रुपये, तीन-चार प्रती, सोबत परिचयपत्र आणि फोटो. पुढं फोन येतो : निवड झाली, समारंभाला स्वखर्चानं या, दहा लोक घेऊन या, जेवणाचं कूपन अमुक रुपये. परत येताना हातात स्मृतिचिन्ह, खांद्यावर शाल, काखेत नारळ. लेखक दुसऱ्या दिवशी फोटो टाकतो, तीनशे लोक अभिनंदन लिहितात, पुस्तक त्यातल्या एकानंही पाहिलेलं नसतं.

असले पुरस्कार ओळखायला फार अक्कल लागत नाही. पैसे घेत असतील तर नाद सोडा. परीक्षकांची नावं निकालासोबत जाहीर होतात का बघा. मागच्या चार-पाच वर्षांची यादी काढा आणि त्यातलं एखादं पुस्तक तुम्हाला वाचावंसं वाटलंय का ते स्वतःला विचारा. आणि ज्या संस्थेनं एखाद्या वर्षी 'यंदा योग्य पुस्तक आलं नाही' असं म्हणून पुरस्कार राखून ठेवला असेल, तिला पुस्तक डोळे झाकून पाठवा.

आता परीक्षक वाचतो कसा, ते. याबद्दल कोणी उघड बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

पिशवी येते. चाळीस, साठ, कधी त्याहून जास्त पुस्तकं. मुदत महिन्या-दोन महिन्यांची. सगळी पुस्तकं अथपासून इतिपर्यंत वाचतो असं म्हणणारा परीक्षक खोटं बोलतो. कथासंग्रह असेल तर पहिली कथा पूर्ण वाचली जाते. ती पकडून ठेवते का यावर पुढचं ठरतं. मग शेवटची, मग मधली एखादी. तुमची सगळ्यात चांगली कथा सातव्या क्रमांकावर असेल तर ती माझ्यापर्यंत पोचायच्या आत पुस्तक बाजूला गेलेलं असू शकतं. त्याच्याही आधी पुस्तक बाद होतं ते मुद्रितशोधनावरून. ऱ्हस्व-दीर्घाच्या एखाद-दुसऱ्या चुकीवरून नाही. पात्राचं नाव तिसऱ्या पानावर रामभाऊ आणि नवव्या पानावर श्यामराव असतं, तिथं. पैसे घेऊन छापणाऱ्याकडं मुद्रितं तपासायला माणूसच नसतो. पंधरा पानांचं मनोगत आणि त्यावर दोन प्राचार्यांच्या प्रस्तावना असल्या की मी सरळ कथेवर उडी मारतो, सगळेच मारतात.

नंतर तीन परीक्षकांचे गुण येतात आणि त्यांची बेरीज होते. खरी गोम इथं आहे. एका पुस्तकानं एकाला वेड लावलं, त्यानं ९५ दिले, दुसऱ्याला त्यातली भाषा शिवराळ वाटली, त्यानं ४० दिले, तिसऱ्यानं ६०. दुसरं पुस्तक तिघांनाही बरं वाटलं : ७०, ७२, ६८. बेरजेत दुसरं जिंकतं. कुणाच्या डोळ्यावर न येणारं पुस्तक पुरस्काराला सोयीचं ठरतं, त्यात कुणाचा वशिला असावाच लागत नाही. जिथं परीक्षक समोरासमोर बसून भांडतात तिथं निकाल वेगळा लागतो. वेड लागलेला माणूस बाकीच्या दोघांना पान उघडून वाचून दाखवतो. मी आता बैठक नसेल तर परीक्षण घेतच नाही. तेव्हा पुरस्कार हुकला म्हणून पुस्तक वाईट असं समजू नका, आणि मिळाला म्हणून थोरही समजू नका.

आणखी एक. तुमच्या दोन छापील कथा मी वाचल्या. खत-बियाण्याच्या दुकानातली कथा अस्सल आहे : उधारीची वही, कंपनीचा प्रतिनिधी, बोगस सोयाबीन बियाण्यावरून झालेली बाचाबाची, हे बाहेरच्या माणसाला सुचणार नाही. दुसरी कथा दुष्काळ आणि आत्महत्येची. ती तुम्ही परीक्षकांसाठी लिहिलीय असं मला वाटलं. मराठवाड्यातून पुस्तक आलं की त्यात भेगाळलेली जमीन, सावकार आणि झाडाला लटकलेला दोर असणार, अशी पुण्या-मुंबईची अपेक्षा असते, आणि आपण ती पुरवत राहतो. त्या दुःखाबद्दल लिहू नका असं कोण म्हणेल? पण समृद्धी महामार्गाकडेला जमीन गेल्यावर आलेल्या पैशानं घर कसं फुटलं, लातूरच्या क्लासला ठेवलेली पोरगी वसतिगृहाच्या खोलीत काय करते, मोबाइलवरून कर्ज घेतलेला पोरगा बापाला काय सांगतो, हाही आजचाच मराठवाडा आहे आणि त्यावर कथा फार थोड्या. तुमच्याकडं काउंटर आहे. रोज पन्नास माणसं तिथं येऊन आपली गोष्ट सांगून जातात.

पुरस्कारानं पुस्तक चालतं का? थोडं चालतं, आणि तेही पुस्तक मिळत असेल तर. सगळं अडतं ते इथं. पुरस्कार जाहीर होतो, पेपरात फोटो येतो, लोक वाचनालयात येऊन विचारतात, दुकानात फोन करतात. आणि पुस्तक कुठंच नसतं. तीनशे प्रती छापलेल्या, त्यातल्या दोनशे लेखकाच्या पलंगाखाली, बाकी वाटलेल्या. नांदेडच्या दुकानदाराला ते कुठून मागवायचं ते माहीत नाही. पुन्हा छापेपर्यंत तीन महिने जातात, तोवर विचारणारा दुसरं काही तरी वाचायला लागलेला असतो. म्हणून प्रकाशकाला विचारायचं ते पुरस्काराचं नाही. विचारा की तुमची पुस्तकं संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीत कोणत्या दुकानात मिळतात. मग त्या दुकानात फोन करून खात्री करा. ऑनलाइन मागवल्यावर किती दिवसांत येतं ते एक पुस्तक मागवून पाहा. मागणी आली तर पंचवीस-पन्नास प्रती लगेच काढून देता येतात का? हल्ली डिजिटल छपाईत ते शक्य आहे, करायची इच्छा पाहिजे.

४५,००० मागणाऱ्याची अडचण अशी की त्याचा धंदा तुमच्या पैशात पुरा होतो. पुस्तक विकलं गेलं काय आणि न गेलं काय. हा प्रकार आपल्याकडं फोफावला त्याला प्राध्यापक मंडळीही कारण आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० च्या नियमांत बढतीसाठी प्रकाशनांचे गुण ठरवले, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय नोंद क्रमांक, असलेल्या पुस्तकांचा पूर आला. परिसंवादात वाचलेले निबंध एकत्र शिवून पुस्तक, त्याचे गुण, संपलं. काही प्रकाशक त्यावरच उभे राहिले, आणि आता तीच रीत कथा-कवितांना लावतात. 'आयएसबीएनसह' असं ते मोठ्या टेचात सांगतात. भारतात तो क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो.

तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना. पहिल्या पुस्तकासाठीच आहे. हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर छपाईला अनुदान. वेळ लागतो, पत्रव्यवहार रटाळ आहे. पण कोणीतरी हस्तलिखित वाचून मत देतं, आणि नव्या लेखकाला त्याचाच दुष्काळ असतो. नाकारलं तरी चालेल, अभिप्राय आला तर जपून ठेवा. दुसरी वाट, हस्तलिखित चार प्रकाशकांकडं पाठवून वाट बघणं. मानधन नाही म्हणाले तर पहिल्या पुस्तकाला तेही मान्य करा, पण स्वतःचा एक रुपया घालू नका, आणि हक्क कायमचे लिहून देऊ नका. करार कागदावर, मुदतीसह.

आता 'वाचणारच कोण' याबद्दल. हे मी ग्रंथपाल झालो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा टीव्हीला शिव्या होत्या, आता मोबाइलला आहेत.

आपल्या भागाला वाचनालय म्हणजे काय, हे जरा मागं जाऊन पाहावं लागतं. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं तेही उर्दू माध्यमाचं. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' हे निजाम सरकारचं परिपत्रक आडवं यायचं, परवानगी लागायची. अशा वेळी चार लोकांनी एकत्र बसायची उघड जागा म्हणजे वाचनालय आणि गणपतीचा मेळा. परभणीचं गणेश वाचनालय शंभर वर्षांहून जुनं आहे ते उगाच नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यानंतर शाळा आल्या, १९५० ला डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचं कॉलेज औरंगाबादला निघालं तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय, १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ. घरात पहिलं पुस्तक आणणारी पिढी आपल्याकडं त्यानंतरची. पुण्याच्या मानानं आपण वाचायला उशिरा लागलो आणि अजून लागतोच आहोत. वाचन संपलं असं जेव्हा शहरातले लोक म्हणतात तेव्हा ते त्यांच्या घरातलं सांगत असतात. गंगाखेडच्या, सेनगावच्या कित्येक घरांत अजून पहिलं पुस्तक यायचंय.

वाचनालयांची आजची स्थिती मात्र गोड करून सांगता येणार नाही. १९६७ चा ग्रंथालय कायदा, अ ब क ड वर्ग, आणि त्यानुसार अनुदान. मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी निम्मं वेतनात जातं आणि ते वेतन सांगायला लाज वाटेल असं असतं. खरेदीला उरतं त्यात सवलतीचा खेळ. १२० पानांच्या पुस्तकावर ३५० किंमत छापायची आणि वाचनालयाला ६०-७० टक्के सूट द्यायची. ही पुस्तकं लिहिली, छापली, विकली आणि कपाटात ठेवली जातात, वाचकाचा त्यात कुठं संबंध येत नाही. काही गावांत वाचनालय फक्त तपासणीच्या दिवशी उघडतं. हे सगळ्यांना माहीत आहे.

पण त्याच वाचनालयांच्या माडीवर जाऊन बघा. अभ्यासिका भरलेली असते, सकाळी सहाला. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. आमच्यातले जुने सभासद कपाळावर हात मारायचे : वाचनालयाचं क्लासमध्ये रूपांतर झालं, कादंबरी कोणी नेत नाही. मला ते पटलं नाही. अठरा ते अठ्ठावीस वयाची, दिवसाला दहा तास छापील अक्षरासमोर बसणारी एवढी मुलं मराठवाड्याच्या इतिहासात कधी नव्हती. त्यांच्यापर्यंत आपण कथा नेली का? २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, निबंध आला. यूपीएससीला मराठी साहित्य वैकल्पिक विषय घेणारी मुलं नेमलेली पुस्तकं इतकी बारकाईनं वाचतात की मास्तर लोकांनी लाजावं. आमच्याकडं रविवारी दुपारी अभ्यासिकेतच एक कथा मोठ्यानं वाचायची असा प्रघात पाडला होता. पहिल्यांदा मुलं चुळबुळत घड्याळ बघायची. पुढं पुढं एखादा कथा संपल्यावर यायचा आणि हळूच विचारायचा, 'सर, हे पुस्तक मिळंल का?' मुली जास्त विचारायच्या, आणि पुस्तक परतही वेळेवर आणायच्या.

मोबाइलचं म्हणाल तर २०१७ नंतर मराठीत ऐकायची पुस्तकं आली आणि माझ्या ओळखीतले ट्रकवाले, रात्रपाळीचे लोक, डोळे गेलेले म्हातारे ती ऐकतात. ऐकणं आपल्याला परकं थोडंच आहे. जनाबाई, नामदेव आपल्यापर्यंत आले ते कानानंच. पोथी लावली की निम्मं गाव ऐकायला बसायचं, वाचणारा एकच असायचा. ऐकणारा वाचक धरावा का यावर विद्वानांनी वाद घालावा, मी धरतो. टेलिग्रामवरच्या चोरट्या पीडीएफचं दुखणं खरं आहे, त्यानं छोटा प्रकाशक मरतो. पण ज्याची कुणी पीडीएफ काढत नाही त्या पुस्तकाचा लेखक मी जास्त पाहिलाय.

पुस्तक दूरवर कशानं जातं, याचं एक उत्तर शाळा. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' शालेय पाठ्यपुस्तकात आली, आणि टोमॅटो तुडवणारा बाप अनेक पिढ्यांच्या डोक्यात बसला. कोणता पुरस्कार हे करील? दुसरं उत्तर माणसं. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ नोकरी सांभाळून लिहीत होते, १९५३ च्या ७ सप्टेंबरला चाळिशीत गेले. परभणीत आजही त्या दिवशी लोक 'एक तास बी. रघुनाथसाठी' म्हणून जमतात आणि साहित्यावर बोलणं ऐकतात. संमेलनांबद्दल माझं मत एवढं चांगलं नाही. १९९५ ला परभणीत नारायण सुर्वे अध्यक्ष होते, २०२० ला उस्मानाबादला, २०२२ ला उदगीरला भरलं. मांडव, मानापमान, जेवणाच्या रांगा सगळं यथासांग. पण ग्रंथदालनात जी विक्री होते ती खरी, आणि आडगावातला माणूस तिथं एकदम हजारो पुस्तकं बघतो ते मला महत्त्वाचं वाटतं. तुम्ही जाल तेव्हा भाषणं सोडून दालनात फिरा, प्रकाशकांशी तिथं बोला, सकाळी, गर्दी व्हायच्या आत.

तेव्हा आत्ता करायचं काय? अकरापैकी तीन कथा काढून टाका. कोणत्या ते तुम्हाला माहीत आहे, दुष्काळाची त्यातली एक. दुकानातली कथा पहिली ठेवा. संग्रहाची घाई सोडा आणि उरलेल्या आठातल्या न छापलेल्या कथा दिवाळी अंकांना पाठवा, एक कथा एकाच अंकाला. चांगले संपादक मजकूर उन्हाळ्यापासून गोळा करू लागतात, श्रावणात पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते, म्हणून मेच्या आत पाठवा. सोबत दोन ओळींचं पत्र पुरे, पुरस्कारांची यादी आणि फोटो नको. नकार आला तर कारण विचारायला फोन करू नका, पुढची कथा पाठवा. दोन-तीन वर्षांत पाच-सहा कथा अशा छापून आल्या की प्रकाशकाशी बोलताना तुमचा आवाज वेगळा असेल. मधल्या काळात नवलेखक योजनेची जाहिरात बघत राहा. आणि कळमनुरीत किंवा हिंगोलीत जी अभ्यासिका असेल तिथल्या ग्रंथपालाला भेटून एका रविवारी तुमची दुकानातली कथा वाचून दाखवा. समोर शेतकऱ्यांचीच पोरं असतील. बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलात काही चुकलेलं असेल तर ती तिथल्या तिथं सांगतील, ते लिहून घ्या.